डोंगरात मुक्कामाला जाण्याआधी

डिसेंबरात भंडारदऱ्याच्या बाजूला दोन रात्री तंबूत काढायच्या, असं घरात ठरलं आहे. माणसं आठ: आम्ही दोघं, आमची थोरली आणि धाकटा, दीर, जाऊबाई, त्यांचा मुलगा आणि आई. गाड्या दोन. आई, म्हणजे माझ्या सासूबाई, अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या. पुतण्या पाच वर्षांचा.

वहीच्या पहिल्या पानावर ही दोन वयंच लिहिली आहेत. रोज किती चालवायचं, गाडी कुठवर न्यायची, तंबू कुठे लावायचा, जेवायला किती वाजता बसायचं, या सगळ्या प्रश्नांची उत्तरं आधी या दोघांकडून घ्यायची. कुटुंबाच्या सहलीचा आराखडा घरातल्या सर्वांत दणकट माणसाच्या हौसेवर बेतला, की पहिल्याच संध्याकाळी कुणीतरी रडतं आणि कुणीतरी गप्प होतं.

* * *

भंडारदराच का? नाशिकहून घोटी, घोटीहून बारी, बारीहून शेंडी. सत्तर-पंचाहत्तर किलोमीटर. न्याहारी करून निघालं तरी दुपारच्या जेवणाआधी धरणाच्या काठी.

लांबचा डोंगर निवडला की दिवस महामार्गावर जातो आणि ज्या कच्च्या वाटेसाठी निघालो ती संध्याकाळी, दमलेल्या हातांनी चालवावी लागते. मुलं बरोबर असताना खडतर भाग सकाळच्या ताज्या डोक्याने पार व्हायला हवा. म्हणून डोंगर जवळचा.

दुसरं कारण माघारीचं. पुतण्याला रात्री ताप चढला तर उजाडताच घरचा रस्ता धरता आला पाहिजे.

* * *

ऋतूबद्दल.

घाटघरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. त्याच तालुक्यात पूर्वेकडे अकोले गावाला गेलं की त्याचा लहानसा हिस्साच उरतो. सह्याद्रीच्या माथ्यावर आलेले ढग तिथेच रिकामे होतात, म्हणून एवढा फरक. जुलै-ऑगस्टमध्ये या भागात धबधबे बघायला एका दिवसासाठी यावं, पण लहान मुलांना घेऊन तंबू लावू नये. धुक्यात दहा पावलांपुढचं दिसत नाही, ओढे तासाभरात चढतात, दरड कधी सुटेल याचा भरवसा नसतो.

सप्टेंबर फुलांचा, पण जमीन ओली. एप्रिल-मेमध्ये पाण्याची टंचाई. गावातल्या बायका हंडे घेऊन लांब जात असतात, अशा वेळी आठ माणसांनी जाऊन त्यांच्या विहिरीचं पाणी वापरणं बरं नव्हे. उरले नोव्हेंबर ते फेब्रुवारी. भात कापून झालेला, रस्ते वाळलेले, विहिरींना पाणी, हवा स्वच्छ. आमचा मुक्काम त्याच काळात.

* * *

डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमाराला मावळतो आणि सातच्या सुमाराला उगवतो. डोंगराच्या सावलीत अंधार सहाच्या आधीच पडतो. तंबू उजेडात, चार वाजता उभे असले पाहिजेत. चारपर्यंत ठरलेल्या जागी पोहोचलो नाही, तर वाटेत जे गाव येईल तिथे थांबायचं.

* * *

धरणाला वळसा घालणारा रस्ता असा: शेंडी, मुरशेत, पांजरे, उडदावणे, घाटघर, साम्रद, रतनवाडी, कोलटेंभे, मुतखेल, परत शेंडी. मधला जलाशय प्रवरेचा. 1926 साली पूर्ण झालेल्या विल्सन धरणाने अडवलेला. या वळशावर कुठे डांबर आहे, कुठे डांबर उखडून नुसती खडी उरली आहे. त्याला फुटणाऱ्या वाटा मात्र खऱ्या कच्च्या: शेताकडे जाणारी बैलगाडीची चाकोरी, पाण्याच्या काठाला उतरणारी मुरमाड वाट, वस्तीकडे चढणारा दगडी चढ.

आम्हाला हव्या त्या याच वाटा. नियम एकच. जिथे आधीपासून चाकोरी आहे तिथेच चाक घालायचं. गवताळ माळावर, पाणथळीत, फुलांच्या सड्यावर गाडी घालायची नाही. कातळावर मातीचा थर वीतभरही नसतो. काही ठिकाणी तर बोटभर. एकदा चाकाने तो फाटला की पुढच्या पावसात त्या घळीतून पाणी वाहायला लागतं आणि उरलेली मातीही निघून जाते. ज्या मातीत गवत, कंद, फुलं येतात ती तयार व्हायला किती पिढ्या लागल्या असतील, याचा विचार गाडी चालवणाऱ्याने केलाच पाहिजे.

* * *

हा सगळा भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याचा. 1986 साली जाहीर झालेलं, साडेतीनशे चौरस किलोमीटरहून मोठं. नाक्यावर प्रवेशशुल्क भरायचं, पावती जपून ठेवायची. तंबू कुठे लावायला परवानगी आहे, कुठे नाही, हे वनखात्याच्या माणसाला तिथेच विचारायचं. जुन्या ऐकीव माहितीवर जायचं नाही, कारण हंगामानुसार नियम बदलतात. मोठ्याने गाणी नाहीत. दारू नाही. हे शेकरूचं घर आहे, बिबट्याचं घर आहे आणि आपल्या आधीपासून राहणाऱ्या महादेव कोळी आणि ठाकर माणसांचं घर आहे.

* * *

आमची गाडी फोर बाय फोर. दिरांची साधी, पुढच्या दोन चाकांच्या ओढीवर चालणारी, पोटही जमिनीच्या जवळ. सगळ्या वाटा दिरांच्या गाडीच्या मापाने आखल्या आहेत. जिथे ती थांबेल तिथे ती गावात कुणाच्या अंगणात विचारून लावायची, आणि पुढचं सामान व माणसं आमच्या गाडीने दोन फेऱ्यांत न्यायची. आईंचं वय आणि दिरांची गाडी, दोन्हींचा हिशेब सारखाच.

दोन गाड्या असण्याचा मोठा फायदा म्हणजे एक रुतली तर दुसरी टोचन करू शकते. एकट्या गाडीने, मुलांना घेऊन, अनोळखी कच्च्या वाटेला जाऊ नये.

* * *

मिस्त्रीकडे गाडी नेऊन बघून घ्यायचं:

ब्रेकचे पॅड. कूलंट. बॅटरीची पकड. चारही टायरच्या बाजूच्या भिंती, चिरा आहेत का. स्टेपनीत हवा, आणि स्टेपनीचा नट आपल्या पान्याने खरोखर सुटतो का. जॅक मऊ जमिनीत खचतो, म्हणून त्याच्याखाली ठेवायला एक जाड फळी. टोचनाचा पट्टा गाडीच्या वजनाला पुरेसा. हवेचा छोटा पंप, पंक्चरचं सामान, हातमोजे, फावडं.

जड सामान टपावर नाही. टप जड झालं की तिरक्या वाटेवर गाडी कलते. पाण्याचे कॅन आणि शिध्याची पेटी खाली, मागच्या सीटला टेकून, पट्ट्याने बांधलेली. मोकळी ठेवलेली कढईसुद्धा एका धक्क्यात मुलाच्या डोक्यावर येऊ शकते.

* * *

कच्च्या वाटेवर चालवण्याबद्दल काही टिपणं, दिरांसाठी आणि माझ्यासाठीही:

अवघड टप्पा दिसला की आधी उतरून चालत जाऊन बघायचा. 

मोठा दगड दोन चाकांच्या मध्ये घेतला की तो चेंबरला लागतो. चाकच त्याच्यावर चढवायचं, सावकाश.

अंगठा स्टिअरिंगच्या आत अडकवायचा नाही; चाक दगडाला धडकलं की स्टिअरिंग झटक्याने फिरतं.

उतारावर पहिला गिअर, आणि इंजिनालाच गाडी रोखू द्यायची. सतत ब्रेक दाबून उतरलं की ब्रेक तापतात आणि ऐन वेळी धरत नाहीत. क्लच दाबून उतरणं तर धोक्याचंच.

चढावर गाडी अडली तर तिरकी करून वळवायला जायचं नाही, ती उलटू शकते. रिव्हर्स गिअरमध्ये, सरळ रेषेत, आलो तसं मागे यायचं.

चाकातली हवा थोडी कमी केली की पकड वाढते आणि धक्के कमी बसतात. पण सह्याद्रीचा दगड धारदार असतो. फार हवा सोडली तर टायरची भिंत कापली जाते. चार-पाच पॉइंट पुरे. डांबरावर परत येताच पंपाने भरून घ्यायची, कारण कमी हवेने वेगात पळवलं तर टायर तापून फुटतो.

* * *

अवघड टप्प्यावर गाडीच्या पुढे उभं राहून खुणा करणारं माणूस एकच असावं. चौघं चार दिशांना हात करतात तेव्हा चालवणाऱ्याचा गोंधळ उडतो. हे काम जाऊबाईंचं. त्यांची नजर पक्की आहे आणि आवाज चढत नाही. खुणा घरीच ठरवून ठेवल्या आहेत: डावा हात, उजवा हात, हळू, थांब. "थांब"ची खूण मात्र कुणीही करू शकतं, मुलांनीसुद्धा.

अशा टप्प्यावर गाडीत फक्त चालवणारं माणूस. बाकी सगळे उतरून, मुलांचा हात धरून, डोंगराच्या बाजूला उभे. दरीच्या बाजूला आणि गाडीच्या मागे कुणी नाही.

टोचन करताना पट्टा गाडीच्या मूळ हुकालाच अडकवायचा, बंपरला कधीही नाही. ताणलेला पट्टा तुटला तर गोळीसारखा येतो. पट्ट्याच्या दुप्पट लांबीवर मुलं, आणि पट्ट्याच्या मधोमध एक जुनी चादर टाकलेली, म्हणजे तुटला तरी जोर मरतो.

* * *

डिसेंबरात ओढे बहुतेक आटलेले असतात. तरी नियम लिहून ठेवते. वाहतं पाणी फूटभर असलं तरी लहान गाडी सरकवू शकतं, दोन फूट पाणी बहुतेक गाड्या वाहून नेतं. गढूळ पाण्याचा तळ दिसत नाही. शंका आली की परत फिरायचं.

* * *

आई म्हणाल्या, "अगं, मला वाकून शिरता येत नाही, तेवढं फक्त बघ."

म्हणून त्यांच्यासाठी उभं राहता येईल असा उंच तंबू, आणि त्यात घडीची खाट. जमिनीवरून उठायचा त्रास नको. बाहेर हाताची खुर्ची. खाटेजवळ पाण्याची बाटली, गोळ्यांचा डबा आणि हाताशी बॅटरी. आमचा तंबू त्यांच्या तंबूला लागून, म्हणजे रात्री नुसती हाक मारली तरी ऐकू येईल.

आईंना नको असेल तर एक रात्र रतनवाडीत कुणाच्या घरी राहायची सोय आहे. हे त्यांना आधीच सांगितलं आहे, अवघडून कुणी तंबूत झोपू नये.

* * *

तंबूची जागा.

पाण्याच्या अगदी काठाला नाही. थंड हवा जड असते, रात्री ती उतारावरून घसरत सखल भागात साठते. काठापासून थोडं वर गेलं तरी फरक जाणवतो.

ओढ्याच्या कोरड्या पात्रात नाही. वाळकी फांदी असलेल्या झाडाखाली नाही. घाटघरच्या कोकणकड्याच्या धारेजवळ तर नाहीच. खालून चढणारा वारा तिथे तंबू उचलून नेतो. कड्याचं दर्शन संध्याकाळी, मुलांना हाताने धरून, आणि मग मागे येऊन मुक्काम.

सर्वांत चांगली जागा म्हणजे कापणी झालेलं भाताचं खाचर. सपाट, बांधामुळे वारा अडलेला, माती मऊ. पण ते कुणाचं तरी शेत आहे. मोकळं दिसलं म्हणून खुंट्या ठोकायच्या नाहीत. भातानंतर कुणी हरभरा, मसूर टाकलेला असतो आणि आपल्याला कोंब दिसत नाहीत. गावात शिरून पहिल्या घरी विचारायचं, "मामा, या खाचरात रात्रीपुरता तंबू लावू का? कुणाचं आहे?" मालकाला पैसे द्यायचे, मागितले नाहीत तरी. सुट्ट्या नोटा बरोबर ठेवायच्या. मोबाइलने पैसे द्यायला तिथे रेंज असेलच असं नाही.

* * *

थंडी वरून कमी आणि जमिनीतून जास्त लागते. म्हणून अंगावर दोन रजया घेण्यापेक्षा खाली एक जाड गादी घालणं शहाणपणाचं. झोपताना कोरडे मोजे, कानटोपी. तंबूच्या वरच्या खिडक्या थोड्या उघड्या ठेवायच्या. सगळं बंद केलं तर श्वासाची वाफ कापडावर साठते आणि पहाटे अंगावर ठिबकते.

निखाऱ्याची शेगडी, गॅस, कंदील, काहीही पेटतं तंबूच्या आत नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, रंग नसतो, आणि झोपलेलं माणूस उठत नाही. ही ओळ मी वहीत लाल शाईने लिहिली आहे.

* * *

शेकोटीबद्दल घरात मतभेद होते. मुलांना हवी होती. माझं म्हणणं: डिसेंबरात गवत आणि कारवी वाळलेली असते, एक ठिणगी वाऱ्यावर गेली तर डोंगर पेटतो. अभयारण्यात वणवा लागेल अशा रीतीने जाळ करणं वन्यजीव कायद्याने गुन्हाच आहे. गावातल्या घरासमोर, घरच्या माणसांनी त्यांच्या रोजच्या जागी पेटवलेल्या शेकोटीजवळ बसायचं, त्यांच्या गप्पा ऐकायच्या. मुलांना हा बेत पटला.

* * *

जेवण.

पहिल्या दिवशी दुपारी घरची पोळी-भाजी. रात्री गावात आधी सांगून ठेवलेलं जेवण: तांदळाची किंवा नाचणीची भाकरी, पिठलं, ठेचा, भात. शिधा आपण नेला तरी चालतो, पण जेवण त्यांच्याकडे सांगितलं की चार पैसे गावात राहतात आणि आपल्याला तिथला तांदूळ खायला मिळतो. हा अकोले तालुका. इथल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी गावरान वाण जपून बियाणांची बँक उभी केली आणि त्यांना पद्मश्री मिळाली. या भागातला काळभात एकदा चाखला की दुकानातल्या तांदळाला चव नाही हे मुलांना सांगावं लागत नाही.

सकाळी उपमा किंवा पोहे, चहा, मुलांना दूध. मधल्या वेळी शेंगदाण्याचे लाडू, खजूर, केळी, चिरमुरे. वेष्टनातला खाऊ जितका कमी तितका परत आणायचा कचरा कमी.

पिण्याचं आणि स्वयंपाकाचं पाणी माणशी रोज पाच लिटर धरलं आहे. दोन दिवसांचे ऐंशी लिटर होतात. एवढं नेणं जड जातं, म्हणून निम्मं नेऊन उरलेलं गावातल्या विहिरीचं, गाळून, चांगलं उकळून.

* * *

औषधाच्या पेटीत: ओआरएस, मुलांच्या वजनाप्रमाणे डॉक्टरांनी लिहून दिलेलं तापाचं औषध, अॅलर्जीची गोळी, क्रेप बँडेज, थर्मामीटर, जखमेचं सामान, आईंच्या रक्तदाबाच्या गोळ्या तीन दिवस जास्तीच्या. एका कागदावर प्रत्येकाचा रक्तगट आणि चालू औषधं. तो कागद दोन्ही गाड्यांत.

* * *

साप. नाग, मण्यार, घोणस, फुरसं, हे चारही सह्याद्रीच्या परिसरात आहेत. भीती घालायची नाही, सवय लावायची. बूट घालण्याआधी झटकायचे. दगड, लाकूड उचलण्याआधी काठीने हलवायचं. अंधारात बॅटरीशिवाय एक पाऊलही नाही. तंबूची चेन नेहमी बंद.

चावलाच तर कापायचं नाही, चोखायचं नाही, घट्ट आवळायचं नाही. हात-पाय हलू न देता, माणसाला धीर देत, लवकरात लवकर सर्पदंशाची लस असलेल्या दवाखान्यात. निघण्याआधीच राजूर, अकोले आणि घोटीच्या सरकारी दवाखान्यांना फोन करून लस आहे का ते विचारून ठेवायचं. रुग्णवाहिकेचा 108, एरवीच्या मदतीचा 112. फोन लागत नसेल तर कोणत्या वळणावर लागतो हे गावातल्या पोरांना नेमकं ठाऊक असतं. पोहोचताच विचारून घ्यायचं.

* * *

आग्या मोहोळ कड्यांवर लटकलेली असतात. अत्तर नाही, धूर नाही, दगड मारणं नाही, कड्याखाली आरडाओरडा नाही. माश्या उठल्याच तर हात न झटकता, डोकं-तोंड झाकून, लांब पळायचं.

बिबट्यासाठी वेगळं काही नाही. संध्याकाळनंतर लहान मूल एकटं बाहेर नाही, आणि खरकटं उघड्यावर नाही.

* * *

प्रत्येक मुलाच्या गळ्यात शिटी. तीन वेळा वाजवली म्हणजे मदत हवी. वाट चुकलीच तर चालत सुटायचं नाही. जवळच्या झाडाला धरून तिथेच थांबायचं, शिटी वाजवायची. आपण शोधत येणार, हे मुलांना पक्कं सांगितलं आहे. पुतण्याने घरच्या चिकूच्या झाडापाशी सराव केला आणि शेजाऱ्यांना शिट्या ऐकवल्या.

* * *

शौचाची सोय हा विषय बायका शेवटी, हळू आवाजात काढतात. तो सर्वांत आधी काढायला हवा. ज्या घरी जेवण सांगितलं तिथलं शौचालय वापरायची परवानगी मागून ठेवली आहे. त्यामुळे तंबू त्या घरापासून चालत पोहोचता येईल एवढ्याच अंतरावर. नाइलाज झाला तर पाण्यापासून साठ-सत्तर पावलं लांब, वीतभर खोल खड्डा करून, वर माती. कागद आणि पॅड पिशवीत घालून परत आणायचे. आईंना रात्री दोनदा उठावं लागतं. त्यांच्या तंबूतच झाकणाचं भांडं आणि पडदा.

* * *

दुसऱ्या दिवसाचा बेत. थोरली, तिचा बाबा आणि दीर रतनगडाला. बाकीचे रतनवाडीत. अमृतेश्वराचं देऊळ तिथेच, शिलाहारांच्या काळातलं, दगडात कोरलेलं. आईंना ते बघायचंच आहे. धाकट्याला आणि पुतण्याला देवळाजवळच्या पुष्करणीत बेडूक शोधायचे आहेत. गडावर जाणाऱ्यांनी दुपारी तीनच्या आत खाली यायचं, नेढ्यापर्यंत, म्हणजे कातळातल्या आरपार भोकापर्यंत, पोहोचले नाहीत तरी.

सांदण दरी या खेपेला नाही. साम्रदच्या बाजूने तिच्या तोंडापर्यंत जाऊन आत बघून यायचं, एवढंच. आतले मोठे धोंडे पुतण्याला झेपणार नाहीत. आणि पावसाळ्यात तिच्यात कुणीच उतरू नये. दोन्ही बाजूंना उभ्या भिंती, पाणी आलं तर बाजूला व्हायला जागाच नाही.

* * *

घाटघरला मुलांना दाखवायचं: वर एक जलाशय, खाली कोकणात चोंढ्याजवळ दुसरा. विजेची मागणी वाढते तेव्हा पाणी खाली सोडून वीज करतात, मागणी कमी असते तेव्हा तेच पाणी पंपाने पुन्हा वर चढवतात. अडीचशे मेगावॉटचा प्रकल्प. थोरलीने विचारलं, वर चढवायला जास्त वीज लागत नाही का? लागते. मग फायदा काय, हे तिने तिथे उभं राहून शोधायचं आहे.

* * *

रात्री आकाश. तारीख अमावास्येच्या आसपासची घेतली आहे. मृग, कृत्तिका, रोहिणी, व्याध सगळे एका रात्रीत दिसतात. तेरा-चौदा डिसेंबरच्या सुमाराला मिथुनेतून उल्का पडतात. नक्षत्रं ओळखण्याचं काम आईंकडे. त्यांना लहानपणी वडिलांनी शेतात शिकवली होती, आणि मुलांना ती कधी दाखवायला मिळाली नव्हती. घरातल्या म्हाताऱ्या माणसाला सांभाळायचं सामान समजून नेऊ नये. डोंगरात त्यांच्याकडे द्यायला आपल्यापेक्षा जास्त असतं.

* * *

मुलांनी काजव्यांबद्दल विचारलं. ते मेअखेरीला आणि जूनच्या सुरुवातीला, पावसाच्या तोंडावर. हिरडा, बेहडा, सादडा, जांभळाच्या झाडांवर. नर चमकून मादीला बोलावतो. गाडीच्या दिव्यांनी, बॅटऱ्यांनी ते बोलावणं तिच्यापर्यंत पोहोचत नाही, आणि जमिनीवरच्या माद्या चाकांखाली, पायांखाली सापडतात. जायचंच तर गाडी गावात ठेवून, पायी, दिवा बंद करून, गावातल्या वाटाड्याबरोबर. गर्दीच्या शनिवारी तर नकोच.

* * *

परतीच्या अटी घरीच लिहून सगळ्यांच्या सह्या घेतल्या आहेत. तिथे गेल्यावर उत्साहात कुणी हरकतीला जुमानत नाही.

कुणालाही शंभर-एकच्या वर ताप. उलट्या-जुलाब थांबत नसले. अवकाळी पावसाची सूचना. एक गाडी नादुरुस्त. आई किंवा पुतण्या "घरी जाऊ या" असं दुसऱ्यांदा म्हणाले.

यातलं एकही झालं तर आवरायचं, वाद घालायचा नाही. नणंदेकडे आमचा पूर्ण मार्ग, मुक्कामाची गावं आणि परतीची वेळ लिहून दिली आहे. रविवारी रात्री आठपर्यंत फोन आला नाही तर तिने चौकशी सुरू करायची.

* * *

निघताना जागा पाहायची. खुंट्यांची भोकं पायाने बुजवायची. संत्र्याची सालं, अंड्याची टरफलं हीसुद्धा पिशवीत. ती कुजायला वेळ लागतो आणि जनावरं माणसाच्या वाटेला येतात. आपल्या आधी कुणी टाकलेल्या बाटल्या दिसल्या तर त्याही उचलायच्या. प्रत्येक मुलाला एक पिशवी.

* * *

शेवटचं पान, वाचणाऱ्यासाठी.

गाडी किती भारी आहे, तंबू किती महाग आहे, यावर मुक्काम चांगला होत नाही. जवळचा डोंगर निवडा. बरोबर दुसरी गाडी घ्या. चाकोरीबाहेर चाक घालू नका. ज्याच्या जमिनीवर झोपणार त्याला आधी विचारा आणि त्याच्या कष्टाचे पैसे द्या. आणि आराखडा कागदावर उतरवण्याआधी घरातल्या सर्वांत लहान आणि सर्वांत थकलेल्या माणसाशेजारी बसून विचारा, "तुला काय जमेल?" त्यांना जमेल तेवढाच डोंगर या वेळी बघा.